लेकीची पहिली हॉकी स्टिक : ३४ इंची, फायबरग्लासवाली, जालंधरची

लेक सातवीत आहे. पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर हॉकीला जायला लागली आणि सरांनी लगेच सांगून टाकलं, दुसऱ्याची स्टिक किती दिवस मागणार, स्वतःची घ्या. आता क्रिकेटची बॅट घ्यायची तर सोसायटीचा वॉचमनसुद्धा सल्ला देतो, हॉकीचं विचारायचं कुणाला? म्हणून जेवढं कळलं तेवढं लिहून टाकतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

घेतली ती अशी: ३४ इंची, १० टक्के कार्बन बाकी फायबरग्लास, मिडी टो (टो म्हणजे स्टिकचं खालचं वळलेलं टोक, मिडी म्हणजे मध्यम आकाराचं), वजनाला लाइट. कॅम्पातल्या एका जुन्या स्पोर्ट्सच्या दुकानात साडेतीन हजाराच्या आत मिळाली. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण असल्या स्टिक्स जालंधरचे बरेच जण काढतात, रक्षक, फ्लॅश, अल्फा सगळे तिकडचेच, तर नावापेक्षा स्टिकवर छापलेलं वाचा.

सगळ्यात आधी लांबी. दुकानदार काकांनी लेकीला बूट घालून सरळ उभं केलं, स्टिक पायाला लावून जमिनीवर टेकवली, म्हणाले वरचं टोक कमरेच्या हाडाशी आलं की झालं. ती ४ फूट १० इंच आहे, ३४ बरोबर बसली. सोबत सासूबाई होत्या, त्यांचं म्हणणं वाढत्या अंगाची पोर आहे, युनिफॉर्म घेतो तशी एक साइज मोठी घ्या ना. काकांनी वाद घातला नाही, ३६.५ ची मोठ्यांची स्टिक लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले वाकून बॉल ढकल बघू. दांड्याचं टोक थेट पोटात, कोपरं बाहेर फाकलेली, आणि ते टोचू नये म्हणून ती हळूहळू ताठच उभी राहायला लागली. सासूबाई म्हणाल्या, नको, ती छोटीच द्या.

आता कार्बनचं. काकांनी ९० टक्के कार्बनवाली पण दाखवली, दिसायला एकदम भारी, काळी कुळकुळीत, किंमत ऐकून नवरा दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. पण नुसता पैशाचा प्रश्न नाहीये. कार्बन जेवढा जास्त तेवढी स्टिक कडक, म्हणजे हिट जोरात बसते हे खरं, पण समोरून आलेला बॉल अडवायला गेलं की तो टुणकन फूटभर लांब उडतो. आणि नवीन पोरं निम्मा वेळ बॉल अडवण्यातच घालवतात हो, हिट फार नंतरची गोष्ट. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा टणक, तो स्वतःहून काही थांबत नाही, थांबवायचं काम स्टिकनेच करायचं. फायबरग्लास जरा झटका खाते. आमच्या स्टिकवर पास आला की टप्प आवाज येतो आणि बॉल तिथंच पायाशी पडतो. पहिल्या महिन्यात तिचा मूड टिकला तो यामुळेच, असं माझं मत आहे.

बो म्हणजे स्टिकचा बाक. नियमाने तो २५ मिलिमीटरच्या वर चालत नाही. लो बो म्हणून प्रकार असतो, बाक खाली टोच्या जवळ, तो ड्रॅग फ्लिकवाल्यांसाठी, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन गोलवर फेकणाऱ्यांसाठी. नवख्याने त्याने हिट मारली की बॉल उचलला जातो आणि समोरच्या पोरीच्या नडगीवर बसतो. हॉकीवाल्या हरमनप्रीत सिंगसारखे पेनल्टी कॉर्नर मारायची वेळ येईल तेव्हा बघू, सध्या साधा बो. आणि नडगीवरून आठवलं, शिनगार्ड आणि माउथगार्ड स्टिकच्या आधी घ्या, त्यात काटकसर करू नका.

लेक डावखुरी आहे. मी दुकानात डावखुऱ्यांची स्टिक मागितली तर कळलं तशी नसतेच! सपाट बाजू डावीकडे एकच, बॉल खेळायचा तो त्याच बाजूने, सगळ्यांना सारखाच नियम. पण काका म्हणाले काळजी करू नका, डावा हात वर असतो आणि स्टिक फिरवायचं काम तोच करतो. खरंच तिला रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळणं, बाकीच्यांच्या आधी जमलं.

लाकडाची का नाही घेतली असं बरेच जण विचारतात. आमच्या घरात तर लगेच धनराज पिल्लेचं उदाहरण, तो इथे खडकीत तुटक्या स्टिकने शिकला आणि चार ऑलिंपिक खेळला. बरोबर आहे, पण त्याच्याकडे दुसरी नव्हती म्हणून, आवड म्हणून नाही. टर्फवर पाणी मारतात, लाकूड ते पितं, फुगतं, मग चिरतं. आम्ही एक स्वस्तातली लाकडी घेऊन ठेवलीय ती पार्किंगमध्ये खेळायला, कारण काँक्रीटवर टो अक्षरशः झिजून पांढरा होतो, चांगली स्टिक तिथे अजिबात नेऊ देऊ नका.

आणि ऑनलाइन घेणार असाल तर सांभाळून. आम्ही आधी एका साइटवरून मागवली होती, वर ठळक कंपोझिट (म्हणजे आमच्यासारखी फायबरग्लास-कार्बनची) लिहिलेलं, आली ती लाकडावर फायबरचा थर देऊन रंगवलेली. सरांनी नुसतं बोटाने ठोकून सांगितलं, कंपोझिट आतून पोकळ असते, आवाज वेगळाच येतो. परत करताना नाकी नऊ आले, पिकअपवाला दोनदा येऊन हात हलवत गेला.

तक्रार एकच, ग्रिप. पावसाळ्यात पार साबणासारखी झाली, हातातून फिरायची, आणि वरच्या टोकाला सुटायला लागली. दीडशे रुपयांत नवीन गुंडाळून घेतली, गुंडाळायला काकांनी पैसे घेतले नाहीत. रंगाचे टवके उडालेत पण त्याने खेळायला काही फरक पडत नाही, लेकीलाच वाईट वाटतंय, तिचं आवडतं स्टिकर त्यात गेलं.

पाचपैकी चार. बॅग सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेताना चेन नीट बघून घ्या.