माहेरच्या सुट्टीसाठी भाड्याची गाडी : सहा दिवसांचा अनुभव आणि हिशेब

दरवर्षी मे महिन्यात आम्ही ठाण्याहून रत्नागिरीला, माझ्या माहेरी, आठवडाभर जातो. प्रवास कोकण रेल्वेने होतो, त्यामुळे रत्नागिरीत पोहोचल्यावर हाताशी गाडी नसते आणि मग रिक्षा, एसटी आणि भावाची दुचाकी यांवर सगळी सुट्टी निघते. यंदा आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. तिला घरी ठेवून आम्ही फिरावे हे मनाला पटेना, आणि तिला एसटीत चढवणे शक्य नव्हते. म्हणून शहरातल्याच एका व्यावसायिकाकडून चालकासह सात आसनी गाडी सहा दिवसांसाठी ठरवली. व्यावसायिकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि तशा अटी इतर ठिकाणीही ऐकल्या आहेत.

आधी दराबद्दल लिहिते, कारण या सेवेची खरी गोम तिथेच आहे. फोनवर मालकांनी सांगितलेला दर बाहेरगावचा होता : किलोमीटरला १६ रुपये, रोजचे किमान २५० किलोमीटर आणि चालकाचा भत्ता दिवसाला ४०० रुपये. टोल, पार्किंग वेगळे. गाडी दिवसभरात चाळीस किलोमीटर चालली तरी अडीचशेचे पैसे द्यायचे. पुण्याहून कोल्हापूर करून येणाऱ्याला हा दर रास्त वाटेल, पण ज्याचे घरच रत्नागिरीत आहे आणि ज्याला सकाळी निघून संध्याकाळी घरीच परतायचे आहे त्याच्यासाठी तो अजिबात नाही. कोकणात अंतरे छोटी आणि वेळखाऊ असतात. मध्ये खाडी येते, सडा म्हणजे कातळाचे पठार चढून पुन्हा उतरावे लागते, रस्ता गावातल्या घरांच्या अंगणाला लागून जातो. सहा दिवसांच्या शेवटी मीटरवर आमचे एकूण किलोमीटर ४८२ झाले. बाहेरगावच्या अटीने मात्र आम्हाला १५०० किलोमीटरांचे पैसे द्यावे लागले असते, म्हणजे भत्त्यासह २६,४०० रुपये.

सुदैवाने भावाने आधीच सावध केले होते. त्यामुळे मी स्थानिक दर मागितला, ज्याला या धंद्यात ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ म्हणतात. त्याचे दिवसाला २,६०० रुपये, वरच्या किलोमीटरला तेच १६ रुपये आणि वरच्या तासाला २०० रुपये. मालकांनी थोडे आढेवेढे घेतले, मेमधला हंगाम आहे, लांबची भाडी सोडावी लागतात वगैरे सांगितले, पण अखेर तयार झाले. गाडी न वापरलेल्या दिवसाचे पैसे घेणार नाही, हेही मान्य केले. हे शेवटचे कलम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतले होते, म्हणून चौथ्या दिवशी आम्ही नुसते आंबे खात घरी लोळलो त्याचा भुर्दंड पडला नाही.

गाडी स्वच्छ होती आणि पाटी पिवळी होती. पिवळ्या पाटीचा आग्रह मी धरला होता, कारण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. सात आसनी म्हणजे चालक धरून सात, हे मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते. आई, बाबा, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण झाल्यावर गाडी भरली. दुसऱ्या दिवशी भाचा यायला निघाला तेव्हा चालकांनी शांतपणे, पण ठाम नकार दिला. भाच्याचा चेहरा पडला. तरीही नियम पाळणारा चालक मिळाला याचे मला बरेच वाटले. मागच्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात, तिथे मुलेच बसवावीत. ती रांग उघडी असली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. शिवाय मागच्या झोतातून गार हवा अगदी मंद येत होती, आणि मे महिन्यात दुपारी बारानंतर ही उणीव फार जाणवते. तक्रार केल्यावर मालक ‘बघून घेतो’ म्हणाले. सहाव्या दिवसापर्यंत ते काही बघून झाले नाही.

चालक साधारण पन्नाशीचे, पावसच्या बाजूचे. मुले त्यांना पहिल्याच दिवशी काका म्हणू लागली. सातची वेळ दिली की पावणेसातला गाडी फाटकाशी उभी असे, पण हॉर्न कधी वाजला नाही. त्यांनी चालकाच्या आसनामागे प्लॅस्टिकचे एक बुटके स्टूल ठेवले होते. गाडी थांबली की ते आधी खाली उतरत, स्टूल दारापाशी मांडत, एका पायाने ते दाबून धरत आणि मग आईला म्हणत, “आजी, दुखरा पाय आधी खाली टाका, चांगला मागून.” जिना उतरताना दुखरा पाय पुढे घ्यायचा हे आईला तिच्या व्यायामतज्ज्ञाने महिनाभर घोकून घेतले होते, इथे चालकांनी ते न सांगता ओळखले. त्यांच्या घरीही कोणाचे तरी गुडघे दुखत असावेत.

पहिला दिवस सोपा ठेवला. भाट्याचा पूल ओलांडून पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात गेलो, तिथून गणेशगुळे आणि पूर्णगड करून जेवायला घरी. एकूण ६६ किलोमीटर झाले आणि आठ तास संपत आले होते. कोकणात किलोमीटरांच्या आधी तास संपतात, हा या दरपत्रकाचा दुसरा धडा. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे आणि मालगुंडचे केशवसुत स्मारक. हा रस्ता मी लहानपणापासून पाहिला आहे, त्यावर लिहायचे तर वेगळा लेख होईल. सुट्टीच्या गर्दीतही चालकांनी गाडी लावायला सावलीची जागा शोधली आणि आम्ही परतलो तेव्हा दारे उघडून आतली वाफ आधीच बाहेर काढली होती, एवढेच नोंदवते.

सेवेची खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली. माझी महाविद्यालयातली मैत्रीण लग्नानंतर हेदवीला राहते आणि बारा वर्षांत मी तिच्या घरी गेले नव्हते, कारण शास्त्री नदीची खाडी आड येते. चालकांनी आदल्या संध्याकाळी जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या. धक्क्यावर त्यांनी आम्हा सर्वांना आधी उतरवले, गाडी उलटी बोटीवर चढवली आणि चाकांना ओंडके लागल्याची खात्री करूनच आईला पुन्हा आत बसवले. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा गुहागर तालुका आला. मैत्रिणीच्या घरी बरक्या फणसाची सांदणे आणि नारळाचे दूध असा बेत होता. तिच्या सासूबाईंनी चालकांनाही आमच्याच पंगतीला बसवले. स्थानिक दरात भत्ता नसतो, त्यामुळे चालकाच्या जेवणाची सोय आपण करायची की मालकाने, हे आधीच विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते, आणि कोणाच्या तरी घरी जेवायला थांबणार नसतो तर अवघडल्यासारखे झाले असते. दुपारी दशभुज गणेशाचे दर्शन घेतले आणि भरतीच्या वेळी बामणघळीशी गेलो. खडकाच्या अरुंद भेगेत लाट शिरली की पाणी वर उसळते; मुलांना तिथून हलवताना तासभर गेला आणि तो तास बिलात दिसलाही. या दिवसाचे १२८ किलोमीटर आणि दहा तास झाले.

पाचव्या दिवशी देवरूखला बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे आणि पुढे मारळच्या मार्लेश्वरला जायचे होते. त्या दिवशी काकांच्या ऐवजी, काही न कळवता, दुसराच तरुण चालक आला. त्याला देवरूखचा रस्ता ठाऊक नव्हता, वळणांवर तो फोनवर बोलत होता आणि स्टूल अर्थातच त्याच्याकडे नव्हते. बाबांनी संगमेश्वरच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावून फोन बंद करायला सांगितला, तेव्हा तो ओशाळला आणि पुढे नीट चालवली. आईला सहकाऱ्यांच्या ओसरीवर बसवून आम्ही मार्लेश्वरच्या पायऱ्या चढून आलो. परतायला रात्र झाली : १४२ किलोमीटर, अकरा तास. चालक बदलणार असेल तर निदान आदल्या रात्री कळवावे एवढी अपेक्षा माफक आहे. मालकांचे म्हणणे, काकांना लग्नाचे भाडे होते. म्हणजे आठवडाभराच्या गिऱ्हाईकापेक्षा एका दिवसाच्या वरातीला मान जास्त.

शेवटच्या दिवशी काका परत आले. कशेळीला कनकादित्याच्या देवळात जायचे ठरलेच होते, पण तिथल्या सड्यावरची कातळशिल्पे पाहायची तर ऊन चढायच्या आत निघायला हवे, असे त्यांनीच सुचवले आणि सहालाच गाडी आणली. जांभ्याच्या उघड्या सड्यावर कोरलेला तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले प्राणी तिरप्या उन्हात नीट उठून दिसतात. माथ्यावर सूर्य आला की रेषा दगडात विरतात. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, हे बाबांनी मुलांना सांगितले. मुलांचे लक्ष हत्तीच्या शेपटीचा शोध घेण्यात होते. येताना आडिवऱ्याच्या महाकालीचे दर्शन घेऊन दोनच्या आत घरी आलो. ८८ किलोमीटर.

आता बिल. पाच दिवसांचे १३,०००, वरच्या ११८ किलोमीटरांचे १,८८८ आणि वरच्या पाच तासांचे १,००० मिळून १५,८८८ रुपये होतात. हातात आलेल्या कागदावर मात्र १,१८४ रुपये जास्त होते. विचारल्यावर कळले की किलोमीटर आमच्या दारापासून नव्हे, तर मालकांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरले होते, म्हणजे रोजचे २२ किलोमीटर रिकाम्या गाडीचे. ही पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि तिला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण ती दर सांगताना सांगायला हवी, पैसे मागताना नव्हे. बऱ्याच बोलाचालीनंतर ६०० रुपयांवर तडजोड झाली. फेरीबोटीचे आणि पार्किंगचे पैसे आम्ही जागच्या जागी दिले होते. तरीही बाहेरगावच्या दरापेक्षा जवळपास दहा हजार रुपये वाचले.

रत्नागिरीत माहेर किंवा घर असणाऱ्यांनी, घरात वयस्कर माणसे असतील तर, अशी गाडी अवश्य घ्यावी; दोघेच असाल तर एसटी आणि रिक्षा पुरेशा आहेत. चालकांना मी पाचपैकी पाच गुण देते, गाडीला तीन, आणि मालकांच्या व्यवहाराला दोन. गणेशोत्सवासाठी याच मालकांना विचारून ठेवले आहे. त्यासाठी तीन गोष्टी लेखी मागितल्या : स्थानिक दर, तेच चालक आणि किलोमीटर आमच्या दारापासून. पहिल्या दोन गोष्टींना लगेच होकार आला. तिसऱ्यावर दोन निळ्या खुणा उमटून तीन आठवडे झाले आहेत.