कधी चालतो, कधी बिघडतो: वॉरंटीतला फोन नेमका कुठे न्यावा?

पूर्ण बंद पडलेला फोन दाखवणं सोपं असतं. अवघड असतो तो अधूनमधून बिघडणारा. बोलता बोलता समोरच्याचा आवाज जातो, स्क्रीन मध्येच स्पर्श ओळखेनाशी होते, ४० टक्के बॅटरी असताना फोन बंद पडतो. आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवला की तासभर व्यवस्थित चालतो. "प्रॉब्लेम दिसत नाहीये, सॉफ्टवेअर मारून देतो" असं सांगून तो परत मिळतो आणि घरी आल्यावर पुन्हा तेच सुरू.

यात तपासणाऱ्याची लबाडी असतेच असं नाही. फोनच्या आतल्या बोर्डावरच्या आयसीखालचं (चिपखालचं) सोल्डर, म्हणजे तिला बोर्डाशी जोडणारा धातूचा सांधा, तडकलेलं असेल, तर फोन तापल्यावर सांधा सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा, असं तर ॲपलच सांगते. भर दुपारी स्कूटरच्या होल्डरवर उमटणारा दोष एसीतल्या टेबलावर कसा दिसणार? कोकणातल्या पावसाळ्यात चार्जिंग पोर्टात दमटपणा येतो, फोन चार्ज होत नाही, आणि सेंटरला पोचेपर्यंत पोर्ट वाळलेला असतो.

म्हणून अशा फोनसाठी कुठे जायचं हे ठरवताना मी वेग किंवा जवळीक आधी बघत नाही. दोष तारखेसह कागदावर कुठे नोंदला जाईल, हे बघते. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर आहे.

दुकानदार किंवा ऑनलाइन साइट

फोन नवाकोरा असेल तर पहिला मान यांचा. बदलीची मुदत बहुतेक ठिकाणी ७ दिवसांची असते आणि त्या मुदतीत दुरुस्ती नाही, थेट दुसरा फोन मिळू शकतो. याहून चांगला निकाल पुढे कुठेच मिळत नाही. अडचण अशी की अधूनमधून येणाऱ्या दोषाला माणूस वेळ देत राहतो. "अपडेट आलं की जाईल", "परत झालं तर बघू" असं म्हणता म्हणता आठवडा सरतो. काही साइट आधी तंत्रज्ञ पाठवतात, काही ॲपमधून तपासणी करायला लावतात, काही कंपनीच्या सेंटरचं पत्र मागतात. त्यात दिवस जातात. तेव्हा पहिल्यांदा बिघाड दिसला त्याच दिवशी विनंती टाका. मुदत उलटली की दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. तरीही त्याला एक ईमेल करून ठेवाच, पुढे उपयोगी पडतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटर

बदलीची मुदत संपलेल्या बहुतेकांसाठी माझं उत्तर हेच आहे, आणि तेही शक्यतो स्वतः जाऊन. बऱ्याच कंपन्या कुरिअरने फोन नेण्याची सोय देतात. तालुक्याच्या गावी सेंटर नसेल आणि जिल्ह्याला जाण्यात दिवस मोडत असेल, तर ही सोय मोलाची वाटते. पण कायम टिकणाऱ्या दोषासाठी ती ठीक आहे, आपल्या प्रकरणात ती कमजोर पडते. पेटीतून गेलेल्या फोनसोबत तुमचं म्हणणं जात नाही. जाते ती फॉर्मवरची एक ओळ. काउंटरवर मात्र तुम्ही व्हिडिओ दाखवू शकता, "चार्जिंगला लावून कॉल करून बघा" असं सांगू शकता, चुकीचं लिहिलेलं तिथल्या तिथे बदलून घेऊ शकता. कुरिअरच करायचं असेल, तर लक्षणांची छापील चिठ्ठी फोनसोबत ठेवा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा.

जाण्याआधीची घरची तयारी इथे सगळ्यात महत्त्वाची. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. तरीही बिघाड आला, तर दोष त्या ॲपचा नाही हे जवळपास ठरलं. मग बॅकअप घेऊन स्वतःच फॅक्टरी रीसेट करा, आणि त्यानंतरही तेच झालं तर तारीख लिहून ठेवा. "सॉफ्टवेअर मारून देतो" या उत्तराला हाच उतारा आहे.

दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढताना सुरुवात *#०६# दाबून येणाऱ्या आयएमईआय क्रमांकापासून (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) करा, म्हणजे तो याच फोनचा आहे याबद्दल वाद उरत नाही. सोबत एक छोटी नोंद ठेवा: वेळ, बॅटरी किती, फोन गरम होता का, नेटवर्क ४जी होतं की ५जी, चार्जर जोडलेला होता का. यातून तंत्रज्ञाला दिशा मिळते. ठरावीक टक्क्यांखाली फोन बंद होत असेल, तर संशय बॅटरीवर. जरा दाबल्यावर किंवा वाकल्यासारखा झाल्यावर स्क्रीन जात असेल, तर सैल पट्टी (आतली जोडणारी चपटी केबल) किंवा तडकलेलं सोल्डर. कॉलमध्ये स्क्रीन काळी होऊन परत येतच नसेल, तर आधी स्क्रीनगार्ड काढून बघा, तो कानाजवळचा सेन्सर झाकत असू शकतो. आयफोन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर सेटिंगमधल्या ॲनालिटिक्स डेटात 'पॅनिक-फुल' नावाने सुरू होणारी फाइल शोधा आणि काउंटरवर दाखवा. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमधली तपासणी करून निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा.

फोन देताना सर्व बाजूंचे फोटो काढा. बऱ्याच फोनांत सिमच्या खाचेत पाणी गेल्याचं दाखवणारी खूण असते, पाणी लागलं की तिचा रंग लाल होतो. तिचाही फोटो घ्या. फोन आयपी६८, म्हणजे पाणी-धुळीला दाद न देणारा, असला तरी पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही, त्यामुळे हा फोटो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड लावला, तर तुमचे फोटो आणि मेसेज न उघडता फोन तपासता येतो. तरीही बँकेची ॲप काढून टाकलेली बरी.

आणि जॉबशीट, म्हणजे फोन देताना सेंटर तक्रार लिहून देतं तो कागद. "हँग होतो" एवढं लिहिलेलं चालवून घेऊ नका. "फोन गरम झाल्यावर स्पर्श बंद, सेफ मोड व रीसेटनंतरही कायम, व्हिडिओ दाखवला" असं लिहून घ्या. तपासणीसाठी फोन दोन-तीन दिवस ठेवून घ्या, अशी विनंती स्वतःहून करा. दोष सापडला नाही, तरी 'दोष आढळला नाही' असं लिहिलेली जॉबशीट घेतल्याशिवाय परतू नका. रिकाम्या हाताने परतलात, तर त्या फेरीची कुठेच नोंद राहत नाही. वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले असतील, तर जॉबशीटवरची तारीख फारच मोलाची.

बोर्ड बदलला, तर आयएमईआय बदलू शकतो. तो नव्या कागदावर आला आहे ना, हे तिथेच ताडून घ्या. बदललेल्या भागाची हमी किती दिवस, तेही विचारा. ॲपलकडे ती मूळ वॉरंटीचा उरलेला काळ किंवा ९० दिवस, यातलं जे जास्त असेल तितकी असते.

कोपऱ्यावरचा मोबाईलवाला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या आसपास बसणारे काही कारागीर इतके तयार असतात की फोन हातात घेऊन, दोन ठिकाणी दाबून, "पट्टी सैल आहे" म्हणून सांगतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. वॉरंटी संपलेला फोन मी आधी त्यांच्याकडेच नेईन. भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करण्याची वृत्ती त्यांच्याकडे जास्त असते आणि खर्चही कमी येतो. पण वॉरंटीतला फोन त्यांना उघडू देऊ नका. सील तुटलं की कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं, आणि हीट दिल्यावर दोष काही दिवस दबतो, मग तो सिद्ध करणं आणखी कठीण. मत घ्या, फोन मात्र उघडू देऊ नका.

विकत घेतलेली जादा वॉरंटी किंवा विमा असेल, तर कलमं वाचा. पडणं आणि पाणी यांचा विमा आपोआप येणाऱ्या बिघाडाला लागू होत नाही.

हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग

एकाच दोषासाठी दुसऱ्यांदा फोन तसाच परत आला, की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवते. पण सेंटरच्या काउंटरवर अडलेली गोष्ट कंपनीच्या वरच्या कचेरीत गेल्यावर पुष्कळदा हलते. त्यामुळे आयोगाआधी ही पायरी मी कधीही वगळणार नाही.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. कायद्यात निकालासाठी ३ महिने, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास ५ महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त लागतात. १० हजारांच्या फोनसाठी एवढी वाट बघायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ५० हजारांच्या फोनसाठी मी नक्की बघेन. तक्रारीत कंपनी आणि विक्रेता दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, आणि बिल, प्रत्येक जॉबशीट, दुकानदाराला केलेला ईमेल, व्हिडिओ आणि १९१५चा तक्रार क्रमांक तारखांच्या क्रमाने जोडा.