सेंट्रल लॉबी, वेस्टमिन्स्टर: खासदाराला गाठायला जाण्याआधी

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणालाही संसदेच्या सेंट्रल लॉबीत जाऊन आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला भेटीसाठी बोलावता येतं. पैसे पडत नाहीत, आधी वेळ घ्यावी लागत नाही, मतदानाचं वय झालेलं नसलं तरी अडत नाही. निर्वासितांसाठी, परदेशी मदतनिधीसाठी, युद्धात अडकलेल्या मुलांसाठी झटणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी ही सोय वापरावीच. मात्र ती चालते कशी हे ठाऊक नसेल, तर दोन तास बसून हात हलवत परत यावं लागतं.

आत सोडतात ते क्रॉमवेल ग्रीनच्या दारातून. विमानतळावर होते तशी तपासणी, मग फोटो काढून गळ्यात पास. फलक, झेंडे, बॅनर दारातच अडतात. मोठ्या बॅगा ठेवायची सोय नाही, त्यामुळे सूटकेस घेऊन स्टेशनवरून थेट आलेल्यांची पंचाईत होते. बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं असतात. त्या सकाळी गर्दी जास्त, आणि खासदारांचं लक्षही सभागृहाकडे. शुक्रवारी बहुतेक जण आपापल्या मतदारसंघात गेलेले असतात. सोमवारी कामकाज दुपारी अडीचला सुरू होतं, मंगळवारी साडेअकराला. मंगळवारची दुपार सगळ्यात बरी.

लॉबीतल्या टेबलावर हिरवं कार्ड मागायचं. त्यावर आपलं नाव, पत्ता, खासदाराचं नाव आणि भेटीचं कारण लिहायचं. काळा टेलकोट, पांढरा बो-टाय आणि कमरेला बिल्ला अशा वेषातले दरवान खासदाराचा शोध घेतात. खासदार सापडले नाहीत तर कार्ड त्यांच्याकडे पोचवलं जातं आणि उत्तर नंतर येतं. कारणाच्या जागी बहुतेक जण ‘मदतनिधीबद्दल चर्चा’ असं काहीतरी मोघम लिहितात. ‘मदतनिधीच्या कपातीवर लेखी प्रश्न विचारावा ही विनंती’ असं लिहिलं, तर भेट झाली नाही तरी कार्डावरून पुढचं काम होऊ शकतं.

नुसत्या कार्डावर विसंबू नये. भेट हवी असेल तर दोनेक आठवडे आधी ईमेल करावी आणि तिच्यात पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड द्यावा. ईमेल आधी वाचतात ते कार्यालयातले सहायक, आणि लिहिणारा आपल्याच मतदारसंघातला आहे ना, हे ते सर्वात आधी पाहतात. दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या माणसाचं काम हाती घ्यायचं नाही, हा तिथला जुना रिवाज आहे. पत्ता नसलेली ईमेल बाजूला पडते. मोहिमेच्या वेबसाइटवरचा तयार मजकूर जसाच्या तसा पाठवला, तर उत्तरही तसंच छापील येतं.

भेट मिळाली तरी ती लॉबीत उभ्याउभ्याच होण्याची शक्यता धरून चला. उंच घुमटाखाली आवाज घुमतो, बाजूला शाळेची सहल असते, आणि मध्येच मतविभाजनाची घंटा वाजली की खासदाराला ८ मिनिटांत मतदानाला पोचावं लागतं. ते अर्ध्या वाक्यावर निघून जातात, त्यात अपमान काही नाही. म्हणून मागणी पहिल्या मिनिटात सांगायची, पार्श्वभूमी नंतर. सोबत एकच पान द्यावं, दोन्ही बाजूंनी भरलेलं नको.

मागणी कशी असावी, याला मदतनिधीचं उदाहरण घेऊ. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम परदेशी मदतीला द्यायचं उद्दिष्ट २०१५ च्या कायद्यात आहे. २०२१ मध्ये ती ०.५ टक्क्यांवर आली, आणि २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. ‘कपात थांबवा’ म्हटल्यावर खासदार मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. ‘या कपातीनंतर अमुक देशातल्या लसीकरणाला किती रक्कम उरेल, हा लेखी प्रश्न मंत्र्यांना विचाराल का?’ यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. मिळालेलं उत्तर संसदेच्या नोंदीत राहतं आणि पुढच्या प्रत्येक निवेदनात वापरता येतं. मंत्र्यांना पत्र लिहायची विनंतीही चांगली, कारण खासदाराच्या पत्राला मंत्रालयात वजन असतं. ‘अर्ली डे मोशन’वर, म्हणजे खासदार सह्या करून पाठिंबा देतात त्या ठरावावर, सही मागणं सोपं, पण त्यावर सभागृहात चर्चा जवळपास कधीच होत नाही. पहिल्याच भेटीत एवढ्यावर समाधान मानू नये.

ऑनलाइन याचिकेची सोयही संसदेचीच आहे आणि लॉबीच्या जोडीला ती उपयोगी पडते. सुरुवातीला ५ समर्थक लागतात, मुदत ६ महिने. १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर, १,००,००० सह्या झाल्या की चर्चेसाठी विचार. सह्या गळतात त्या एकाच ठिकाणी: ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक करेपर्यंत सही मोजली जात नाही, आणि पुष्कळ जण ते विसरतात. तसल्याच मागणीची याचिका आधीपासून चालू असेल तर नवी नाकारतात, तेव्हा आधी शोधून पाहावं.

आता खासदाराची वाट पाहण्याबद्दल. या सोयीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, असं आमचं मत आहे, कारण आपल्याआधी इथे ताटकळलेल्यांच्या खुणा आजूबाजूला दिसतात. लॉबीकडे जाताना वेस्टमिन्स्टर हॉल लागतो. १८६६ च्या जूनमध्ये एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट या दोन तरुणी स्त्रियांच्या मताधिकाराची १,४९९ सह्यांची याचिका घेऊन इथे आल्या. ती सभागृहात मांडणारे खासदार जॉन स्टुअर्ट मिल येईपर्यंत लोकांच्या नजरा नकोत म्हणून त्यांनी ती गुंडाळी सफरचंदं विकणाऱ्या बाईच्या टेबलाखाली दडवली. पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळायला १९२८ उजाडलं. सेंट स्टीफन्स हॉलच्या दारावर या चळवळीची आठवण म्हणून काचेच्या चकत्यांचं दीपशिल्प लावलं आहे. थेम्सच्या भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा उजेड बदलतो.

सेंट स्टीफन्स हॉलमध्ये लॉर्ड फॉकलंडचा पुतळा शोधा आणि त्याच्या पायाकडे बघा. बुटाच्या टाचेवरची, घोड्याला टोचायची एक आर तुटलेली आहे. एप्रिल १९०९ मध्ये एका स्त्रीने स्वतःला या पुतळ्याशी साखळीने बांधून घेतलं, तिला सोडवताना ती तुटली. आजवर ती तशीच ठेवली आहे. या हॉलमध्ये फोटो काढता येतो. पुढे लॉबीत बंदी आहे, म्हणजे खासदाराला निवेदन देतानाचा फोटो मिळणार नाही. लॉबीच्या खिडक्यांत पितळी जाळ्या आहेत. पूर्वी सभागृहात स्त्रियांना या जाळ्यांआड बसवत. १९०८ मध्ये दोघींनी या जाळ्यांना स्वतःला साखळदंडाने बांधून घेतलं, तेव्हा जाळीसकट त्यांना बाहेर काढावं लागलं होतं.

मराठी कार्यकर्त्याने इथे रंगो बापूजी गुप्ते आठवावेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला ते लंडनला आले आणि सुमारे चौदा वर्षं कंपनीच्या भागधारकांपासून खासदारांपर्यंत दारं ठोठावत राहिले. १८३४ च्या आगीत जळालेला हा राजवाडा तेव्हा नव्याने उभा राहत होता. महाराजांना गादी परत मिळाली नाही, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यही खालसा झालं, तरी ते आणखी काही वर्षं तिथेच लढत राहिले. दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये याच सभागृहात निवडून आले ते अवघ्या ५ मतांनी.

मंगळवारी जाणार असाल तर साडेअकराच्या थोडं आधी लॉबीत पोचा. सभापतींची मिरवणूक तिथूनच जाते, पोलीस अधिकारी ‘हॅट्स ऑफ, स्ट्रेंजर्स’ अशी ललकारी देतो आणि तेवढा वेळ सगळी लॉबी निःशब्द होते. ती पुढे गेली की लगेच टेबलाशी जाऊन हिरवं कार्ड मागा.