खुडूक कोंबडी की इनक्युबेटर?

दारात आठ-दहा गावरान कोंबड्या, त्यातली एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, आणि मोबाईलवर छोट्या इनक्युबेटरच्या, म्हणजे अंडी उबवायच्या मशीनच्या जाहिराती. काय करावं? मोहोळकडच्या आमच्या वस्तीवर मी दोन्ही करून बघितलंय. वर्षाला तीस-चाळीस पिल्लं हवी असतील, तर मी कोंबडीच्याच बाजूने आहे.

अंडी उबायला दिवस दोन्हीकडे 21च. मशीनमध्ये साधारण 37.5 अंश तापमान धरायचं, 18व्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, शेवटचे तीन दिवस ओलावा 65-70 टक्क्यांवर न्यायचा. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत हा ओलावाच दगा देतो. माझ्या पहिल्या खेपेला पाण्याची वाटी रात्रीत आटली. सकाळी अंड्याला भोक पडलेलं, आत चोच हलतेय, पण आतला पापुद्रा सुकून कागदासारखा पिल्लाला चिकटलेला. अशी पाच पिल्लं गेली. अजून आठवलं की वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, साधं मशीन ऊब देतं, गारवा देत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीपार गेला की आतलं तापमानही चढतं आणि अंडी वाया जातात. लाईट गेली तर वेगळीच धावपळ. म्हणून इन्व्हर्टरचा खर्चही मशीनच्या किमतीतच धरा.

कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. जास्त ठेवली की कडेची गार पडतात. पाटीत भुसा, तळाला राख, थोडा कडुलिंबाचा पाला. अंगावर उवा असल्या तर ती मध्येच उठते. अंडी रात्री ठेवा. दिवसातून एकदा ती दाणा-पाण्याला उतरते, पंधरा-वीस मिनिटांत परत येते; तेव्हा तिला अडवू नका. उन्हाळ्यात तिलाही पत्र्याखाली बसवू नये. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

खरा फरक 21व्या दिवसानंतर कळतो. मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा बल्बखाली 35 अंशांची ऊब लागते, पुढे ती हळूहळू कमी करायची. कोंबडी हे सगळं पंखाखाली करते. घार दिसली की तिचा आवाज बदलतो आणि पिल्लं क्षणात कडब्याच्या गंजीखाली. मुंगसापुढे मात्र तिचं चालत नाही, रात्री डालायलाच, म्हणजे टोपलीखाली झाकायलाच हवं. लासोटाची (मानमोडी रोगावरची) लस दोन्हीकडच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात द्याच.

कोंबडीचा तोटा एकच, पण मोठा: अडीच-तीन महिने अंडी बंद. आणि ती खुडूक होईल तेव्हाच काम होणार. पन्नास-शंभर पिल्लं एकदम विकायची असतील तर मशीनला पर्याय नाही. गिरिराजसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी मी गावरानखाली ठेवतो.

मशीनमधली पिल्लं एक-दोन दिवसांची असतील आणि खुडूक कोंबडीची अंडीही त्याच वेळी फुटलेली असतील, तर अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. सकाळी बहुतेक वेळा ती सगळ्यांना घेऊनच बाहेर पडते.