लिमिट की लिमिटेशन?

मराठीत दोन्हींना आपण ‘मर्यादा’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत लिहिताना घोटाळा होतो.

लिमिट म्हणजे आखलेली रेघ. ती बहुधा आकड्यात सांगता येते: ताशी ८० किलोमीटर, कार्डावर ५० हजार रुपये. रेघ ओलांडता येते, मग दंड बसतो. लिमिटेशन म्हणजे अंगची उणीव. पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात दूरची पाटी वाचता येत नाही, ही त्याची लिमिटेशन. इथे ओलांडण्याचा प्रश्नच नाही.

माणसांबद्दल बोलताना हा फरक जास्त जाणवतो. ‘आय नो माय लिमिट्स’ म्हणजे कुठे थांबायचं ते मला कळतं. ‘आय नो माय लिमिटेशन्स’ म्हणजे मला काय जमत नाही ते ठाऊक आहे. नोकरीच्या अर्जात हे शब्द उलटे पडले, तर वाचणारा भलताच अर्थ घेतो.

अनेकवचनी लिमिट्स जागेबद्दल आलं की ‘मर्यादा’ नको, ‘हद्द’ हवी: पालिकेच्या हद्दीत.

कायद्यात मात्र लिमिटेशन म्हणजे उणीव नव्हे, मुदत. १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टनुसार उसने दिलेले पैसे वसूल करण्याचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो, मालकीच्या आधारे जमिनीचा ताबा मागायला १२ वर्षं मिळतात. म्हणूनच वकील ‘दावा लिमिटेशनमध्ये बसत नाही’ म्हणतात, तेव्हा दाव्यात खोट आहे असं समजू नका. दावा मुदतबाह्य झालाय. भाषांतरात इथे ‘मर्यादा’ लिहिलं की वाक्याचा अर्थच जातो.