क्रोनॉस 1.4: दिवाळी ते रंगपंचमी, इंदुरातला अनुभव

दिवाळीत घेतलेला हा कॅमेरा रंगपंचमीपर्यंत भरपूर वापरून झाला. हायस्पीड, म्हणजे स्लो मोशनसाठी सेकंदाला शेकडो फ्रेम घेणारा कॅमेरा म्हटलं की सगळे आधी फ्रेमरेट विचारतात. माझं ठाम मत असं, की सेन्सर उजेड किती मागतो ते आधी विचारा.

1280 बाय 1024 वर हा सेकंदाला 1,069 फ्रेम घेतो. शटर 1/2000 सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. नेहमीच्या 1/50 च्या मानाने हा उजेड चाळीसपट कमी, म्हणजे पाच स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यात रंगीत मॉडेलचा मूळ आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 320.

गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, उजेडाची ही अडचण आलीच नाही. राजवाड्यासमोर भर उन्हात टँकरवरून उडालेली रंगीत पाण्याची धार वर जाऊन तुटते, तिचे आधी लांबट तुकडे आणि मग गोल थेंब होतात. त्यातल्या प्रत्येक थेंबाची कड शाबूत दिसते. ही ग्लोबल शटरची करामत. सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि मिटतात, त्यामुळे ओळीमागून ओळ टिपणाऱ्या रोलिंग शटरसारखं वेगवान वस्तूचं तिरकं रूप येत नाही.

याची किंमत सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, कळते. फ्रेम वाचून होईपर्यंत प्रत्येक पिक्सेलला आपला चार्ज साठवून ठेवावा लागतो, आणि साठवणीची ती जागा उजेड टिपणाऱ्या भागातूनच जाते. सावल्यांत दाणे दिसतात. शिवाय आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात आणि दर दहा-अकरा फ्रेमला चित्र काळवंडतं. बॅटरीवरचं, न लुकलुकणारं दिव्याचं पॅनेल सोबत असलंच पाहिजे.

तरी दहीवड्याचा द्रोण हवेत भिरकावून झेलतात, तो शॉट मिळाला याचा फार आनंद आहे. मेमरी गोल फिरत राहते, जुनं पुसून नवं भरते. 16 जीबीत पूर्ण रिझोल्यूशनला आठेक सेकंद मावतात. द्रोण हातात परत आला की बटण दाबायचं, मागचं सगळं जपलेलं असतं. ते आठ सेकंद 25 फ्रेमने पाहिले तर पाच मिनिटांच्या वर जातात, म्हणून हवा तेवढाच तुकडा कार्डावर उतरवा.

सेन्सर जेमतेम साडेआठ मिलिमीटर रुंद आहे. 50 मिलिमीटरची लेन्स फुलफ्रेमवरच्या (36 मिलिमीटर रुंद सेन्सरवरच्या) 200 हून लांब लेन्ससारखी वागते. सराफ्याच्या गर्दीत मागे सरकायला जागाच नसते, तिथे 8 मिलिमीटरची सी-माउंट (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर बसणारी) लेन्सच कामाची. सेटिंग बदललं किंवा कॅमेरा तापला की लेन्सला झाकण लावून ब्लॅक कॅलिब्रेशन (सेन्सरला पूर्ण काळं काय ते दाखवणं) पुन्हा करा, नाहीतर सावल्यांत उभ्या रेघा उठतात.

रात्रीचंच काम जास्त असेल तर मोनोक्रोम, म्हणजे फक्त कृष्णधवल टिपणारं मॉडेल घ्या. रंगाचा फिल्टर नसल्याने त्याचा मूळ आयएसओ 740 आहे. गेर टिपायची असेल तर अर्थात रंगीतच, आणि लेन्सवर यूव्ही फिल्टर घट्ट बसवूनच राजवाड्याकडे निघा.