पद्मिनीचा पेट्रोल काटा: जुना फ्लोट दुरुस्त करू का नवीन युनिट टाकू?

पेठ नाक्यावरनं सांगलीकडं वळलो आणि आष्ट्याच्या अलीकडं पेट्रोल संपून आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बंद, काटा तर कायमच तळाला पडलेला, कळणार कसं. आधी डॅशबोर्डवरच्या मीटरवरच संशय होता, पण इग्निशन ऑन ठेवून टाकीच्या युनिटची (टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग) वायर बॉडीला टेकवली तर काटा सरळ टोकाला गेला, म्हणजे मीटर नि वायरिंग ठीक, दुखणं टाकीत.

युनिटच्या दांडीवरचा जुना पितळी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) कानाशी हलवला तर आत पेट्रोल खळखळतंय. गरम पाण्यात दाबून धरला (गॅसपासनं लांब हां) की बुडबुडे येतात तिथं भोक. कथलाचा डाग देऊन भोक बुजवलं की भागतं, खर्च किरकोळ, आणि मीटरशी जोडी मूळचीच राहते, पण आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय डाग देऊ नका, भडका उडेल.

नवीन युनिट पटकन बसतं, पण त्याचे ओहम (विजेला होणारा विरोध) आपल्या मीटरशी जुळतीलच असं नाही, मग टाकी फुल्ल आणि काटा पाऊणवर.

तरी युनिटला मल्टिमीटर (ओहम मोजायचं यंत्र) लावून फ्लोटची दांडी हळूहळू वरखाली करून बघा, रीडिंग मधेच उड्या मारत असेल तर आतली तार झिजलीय, तिथं नवीनच घ्या.

मी डाग दिला. बायको अजून म्हणते, काठी बुडवून बघ.